अवकाशप्रवासाच्या एका बोलपटांतील चुका

पुष्पक विमान कोणत्या इंधनावर चालत होतें, असा प्रश्न पुराण ऐकणारा श्रोता विचारीत नाहीं. आणि विचारलाच, तर पुराणिकबुवांनीं त्याचें उत्तर द्यावें अशी कोणाची अपेक्षाहि नसते. कथा सांगणारा व ती ऐकणारा यांच्यामध्यें एक मूक करार झालेला असतो, आणि त्या करारांत इंधनाचा विषय येत नाहीं. विज्ञानकथेचा करार मात्र निराळा आहे. ती सांगणारा असें म्हणत असतो कीं, हें अजून घडलेलें नाहीं, परंतु निसर्गाचे नियम न मोडतां घडूं शकेल. एकदां असें म्हटल्यावर हिशेब मागण्याचा अधिकार श्रोत्याकडे आपोआप येतो. मग त्या कथेंत चूक सांपडली, तर ती दाखविणें हा खोडसाळपणा नव्हे. कराराच्या कागदावर बोट ठेवण्यासारखेंच तें आहे.

या दृष्टीनें '२००१ : ए स्पेस ओडिसी' या इंग्रजी बोलपटाचें परीक्षण फार उद्बोधक ठरतें. दिग्दर्शक स्टॅन्ली क्यूब्रिक व विज्ञानलेखक आर्थर क्लार्क या दोघांनीं मिळून त्याची कथा रचली. २ एप्रिल १९६८ रोजीं वॉशिंग्टन येथें तो प्रथम दाखविण्यांत आला. म्हणजे मनुष्यानें चंद्रावर प्रत्यक्ष पाऊल ठेवण्यापूर्वीं सुमारें सव्वा वर्ष. यानांच्या व यंत्रांच्या रचनेसाठीं फ्रेडरिक ऑर्डवे व हॅरी लँग हे अमेरिकेच्या अवकाशसंस्थेंत काम केलेले जाणकार मुद्दाम नेमलेले होते. कथा थोडक्यांत अशी: ४० लक्ष वर्षांपूर्वीं वानरसदृश मानवांच्या एका टोळीपुढें एक काळी, गुळगुळीत शिळा प्रकट होते. तशीच शिळा पुढें चंद्रावरील टायको विवरांत पुरलेली आढळते. ती उकरून काढल्यावर सूर्याचा पहिला किरण पडतांच ती गुरु ग्रहाच्या दिशेनें संदेश धाडते, आणि त्या संदेशाच्या मागावर 'डिस्कव्हरी' नांवाचें यान गुरूकडे निघतें. यानावर बोमन व पूल हे दोन जागे प्रवासी, आणखी तिघे शीतनिद्रेंत, आणि सर्व कारभार पाहणारें हॅल नांवाचें बोलकें गणकयंत्र.

दोषांची वही उघडण्यापूर्वीं जमेची बाजू मांडणें न्यायाचें होईल. अवकाशांत हवा नाहीं, म्हणून तेथें आवाजहि नाहीं. हा नियम शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतो. तरी बहुतेक बोलपटांतील यानें गर्जना करीतच धांवतात. या बोलपटांत यानाबाहेर शांतता आहे. ऐकूं येतें तें संगीत, नाहीं तर शिरस्त्राणांतील माणसाचा श्वास. दुसरें उदाहरण पाहावें. पृथ्वीवरून घेतलेल्या एका मुलाखतींत निवेदक सांगतो कीं, यान ८ कोटि मैलांवर आहे व तेथें शब्द पोंचण्यास ७ मिनिटें लागतात. प्रकाशाची व रेडिओलहरींची गति सेकंदाला १,८६,००० मैल धरून भागाकार केला, तर उत्तर ४३० सेकंद, म्हणजे ७ मिनिटें १० सेकंद असें येतें. हिशेब बरोबर जमतो. ज्या कृतींत अशीं गणितें जमतात, तिच्यांतील न जमणारीं गणितें शोधण्यांतच खरा लाभ असतो.

पहिल्या जातीच्या चुका पृथ्वीच्या ओढीनें झालेल्या आहेत. चित्रण इंग्लंडमध्यें, भूमीवरच, करावें लागलें. आणि कितीहि युक्ति योजिली तरी भूमीचें आकर्षण बंद ठेवण्याची कळ कोणत्याहि चित्रशाळेंत नसते. चंद्राकडे जाणारा शास्त्रज्ञ नळीनें पातळ अन्न ओढून घेतो, आणि ओढणें थांबवितांच नळींतील रस खालीं उतरतो. वजनच जेथें जाणवत नाहीं, तेथें त्यानें खालीं कां उतरावें? लवचीक पिशवीनें तो परत शोषून घेतला असेल, असा बचाव कोणी करतात. परंतु पाहणाराच्या डोळ्यांना तें साधें उतरणेंच दिसतें. पुढें चंद्रावरील वसाहतींत मंडळी सभागृहांत चालतात, वळतात, बसतात, तीं अगदीं पृथ्वीवरच्यासारखीं. चंद्राचें आकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश आहे. येथें ताणकाट्यावर ६० किलो भरणारा गृहस्थ तेथें १० किलोच भरेल, व त्याच्या चालीला उड्यांचें रूप येईल.

धुळीचेंहि तसेंच. यान चंद्रावर उतरतांना त्याच्या झोतानें धूळ उडते, आणि तिचे लोट घुमतात. परंतु धुळीचे लोट घुमवावयास हवा लागते. हवा नसेल तेथें धुळीचा प्रत्येक कण फेंकलेल्या दगडाप्रमाणें वक्र मार्गानें जाऊन मुकाट्यानें खालीं पडतो. १९७१ व १९७२ सालीं अपोलो मोहिमांतील प्रवाशांनीं चंद्रावर गाडी चालविली, तेव्हां चाकांमागून उडणाऱ्या धुळीच्या चित्रणांत हें स्पष्ट दिसून आलें. बोलपटांतील चंद्रावरचे डोंगरहि टोंकदार व कातीव आहेत. खरे डोंगर गोलसर निघाले. कारण असंख्य लहानमोठ्या उल्कांचा मारा कोट्यवधि वर्षें सोसून त्यांच्या धारा झिजून गेल्या आहेत.

दुसऱ्या जातीच्या चुका एका दृश्याचा दुसऱ्याशीं मेळ न बसल्यामुळें होतात. चंद्रावरील निरनिराळ्या दृश्यांत आकाशांतील पृथ्वी दिसते. पण तिची कला व क्षितिजापासूनची उंची हीं एकसारखीं राहत नाहींत. आतां चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे वळलेली असल्यामुळें तेथील आकाशांत पृथ्वी उगवत नाहीं कीं मावळत नाहीं. एका ठिकाणाहून ती जवळजवळ एकाच जागीं टांगलेली दिसते. टायको विवर चंद्राच्या दक्षिण गोलार्धांत सुमारें ४३ अंशांवर आहे. त्यावरून गणित केलें, तर तेथें पृथ्वी क्षितिज व माथा यांच्या साधारण मधोमध असली पाहिजे. ती क्षितिजालगत दाखविणें चूकच. शिवाय तिची कला पालटून येण्यास साडेएकोणतीस दिवस लागतात, तेव्हां कांहीं तासांच्या कथेंत तिच्यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडूं नये. एका बाबतींत मात्र चित्रकाराचा हात अचूक चालला आहे: शिळेच्या माथ्यावर सूर्य व पृथ्वी एकत्र दिसतात, त्या वेळीं पृथ्वी कोरीसारखी दाखविली आहे. सूर्याजवळ दिसणारी पृथ्वी कोरच असावयास हवी; जशी अमावास्येच्या आगेंमागें आपल्या आकाशांत चंद्राची कोर असते.

तिसरी गोष्ट चक्राची. डिस्कव्हरीच्या पोटांत एक प्रचंड चक्र फिरत असतें व त्याच्या परिघावर प्रवासी चालतात, धांवतात. फिरण्यामुळें पाय परिघावर दाबले जाऊन वजनाचा भास उत्पन्न होतो. कल्पना शास्त्रशुद्ध आहे, आणि बोलपटासाठीं ३८ फूट व्यासाचें असें चक्र खरोखरच बांधलें होतें. परंतु एवढ्या लहान चक्रांत पृथ्वीइतकें वजन हवें असेल, तर त्याला मिनिटाला १२ हून अधिक फेरे घ्यावे लागतील. चंद्राइतकें वजन चालत असेल, तरी ५ फेरे. पडद्यावरील चाल पाहिली, तर वजन पृथ्वीचें आणि वेग मात्र संथ आहे. शिवाय उभ्या माणसाचें डोकें चक्राच्या केंद्राच्या जवळ येतें. त्यामुळें पायांशीं जो ओढा असेल, त्याच्या सुमारें ७० टक्केच डोक्याशीं राहील. अशा स्थितींत मान झटक्यानें वळवितांच भोंवळ येण्याचा संभव फार. भावी काळीं अशीं चक्रें बांधलीं गेलींच, तर तीं पुष्कळ मोठीं व सावकाश फिरणारीं असावीं लागतील, ती याचसाठीं.

चौथी चूक जिवावर बेतणारी आहे. शिरस्त्राण न घेतां लहान यानांतून बाहेर गेलेल्या बोमनला हॅल परत आंत घेत नाहीं. तेव्हां तो यानाचें दार उडवून निर्वात पोकळींतून मुख्य यानांत शिरतो. येथें क्यूब्रिकनें एक रूढ समजूत टाळली आहे हें खरें. पोकळींत माणूस फुग्यासारखा फुटत नाहीं, कीं तत्काळ गोठत नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें निर्वात कोठींत पोशाखाची परीक्षा चालू असतां एका तंत्रज्ञाच्या पोशाखांतील हवा निघून गेली. सुमारें १४ सेकंद तो शुद्धीवर होता, मग कोसळला, हवा परत भरतांच बचावला. बोमनलाहि तेवढेच सेकंद मिळतात. परंतु उडी घेण्यापूर्वीं तो श्वास कोंडून धरतो, आणि चूक आहे ती हीच. बाहेरचा दाब नाहींसा होतांच छातींत कोंडलेली हवा पसरूं पाहते, आणि फुप्फुसांचे नाजूक कोश फाटतात. खोल पाण्यांतून वर येणाऱ्या पाणबुड्याला श्वास कोंडूं नये असें शिकवितात, तें याच कारणानें. बोमननें श्वास सोडून द्यावयास हवा होता. पडद्यावरचें दृश्य मनावर इतकें खोल उमटतें कीं, पाहणारा नकळत त्याच्याकडून शिकतो. आणि हा धडा उलटा आहे.

पांचवी गोष्ट चूक असूनहि अज्ञान नव्हे. डिस्कव्हरी अणुशक्तीवर चालतें. अणुभट्टीची उष्णता पृथ्वीवर हवा व पाणी वाहून नेतात. पोकळींत ती केवळ किरणांच्या रूपानेंच बाहेर पडूं शकते, व त्यासाठीं विस्तीर्ण पत्रे लागतात. मूळ आराखड्यांत ते होते. परंतु ते पंखांसारखे दिसले असते, आणि हवा नाहीं तेथें पंख कशाला, असा प्रश्न प्रेक्षकाला पडला असता. म्हणून ते काढून टाकले. खरी गोष्ट खोटी वाटेल या भीतीनें खोटी गोष्ट दाखविली! १९९८ पासून बांधलेल्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला मात्र असे मोठे पत्रे बसवावेच लागले. निसर्गाला प्रेक्षकांची भीड नसते.

भूतकाळाच्या चित्रणांतहि असेंच एक विसंगत पात्र आहे. आफ्रिकेंतील मानवपूर्वजांच्या शेजारीं तापीर चरतांना दिसतात. डुकरासारखें अंग व लहानशी सोंड असलेला हा प्राणी आग्नेय आशियांत व मध्य आणि दक्षिण अमेरिकेंत सांपडतो, आफ्रिकेंत नाहीं. उलट त्याच भागांत एका चुकीनें शोभा आणली आहे. पार्श्वभूमीचीं चित्रें समोरून प्रकाश टाकून उमटविलीं होतीं. तो प्रकाश बिबळ्याच्या डोळ्यांत परावर्तित झाला, आणि ते निखाऱ्यासारखे चमकले. कोणी न योजलेला हा योग तसाच ठेवला गेला, आणि रात्रीच्या भयाला रूप मिळालें.

आतां शेवटची चूक, आकारानें सर्वांत लहान. प्रवासांत पूल हा हॅलबरोबर बुद्धिबळ खेळतो. तो डाव १९१० सालीं हँबर्ग येथें खेळल्या गेलेल्या एका खऱ्या डावावरून घेतलेला आहे, आणि क्यूब्रिक स्वतः बुद्धिबळाचा मोठा शोकी होता. हॅलकडे काळीं मोहरीं आहेत. वजीर उंटाच्या तिसऱ्या घरांत, उंट वजिराला मारतो, घोडा उंटाला मारतो, मात. अशी खेळी हॅल सांगतें. त्या काळच्या इंग्रजी लेखनपद्धतींत प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूनें घरें मोजतो. त्यामुळें पांढऱ्याचें तिसरें घर तें काळ्याचें सहावें. हॅलनें 'सहावें' म्हणावयास हवें होतें. चूक मुद्दाम पेरली कीं अनवधानानें राहिली, याविषयीं रसिकांत वाद आहे. परंतु गंमत अशी कीं, ज्या यंत्राच्या जातीनें आजवर एकहि चूक केली नाहीं असा त्याचाच डांगोरा आहे, त्याच्याच तोंडून ती निघते. पूल पटाकडे क्षणभर पाहतो, यंत्राचें म्हणणें खरें मानतो, आणि डाव सोडतो.

त्यानंतर थोड्याच वेळानें हॅल सांगतें कीं, संदेशयंत्राचा एक भाग ७२ तासांत निकामी होणार. भाग काढून तपासला, तर त्यांत दोष नाहीं. मग हॅल म्हणतें, चूक असेल तर ती माणसाची असेल. यापुढें काय घडतें, तें बोलपट पाहणारांना ठाऊक आहे. पूल जिवंत परत येत नाहीं.

आज प्रश्नांचीं उत्तरें सफाईदार भाषेंत देणारीं यंत्रें घरोघर पोंचलीं आहेत, आणि त्यांच्या बोलण्यांतहि हॅलसारखाच ठामपणा असतो. अशा दिवसांत पृथ्वीची कला, धुळीचा कण व नळींतला रस तपासून पाहण्याची संवय ही रिकामपणाची करमणूक म्हणतां येणार नाहीं. बोलपट मोठा आहे व मोठाच राहील. चुका मोजल्यानें त्याची उंची कमी होत नाहीं. घरांतील मुलांना तो दाखवावा, आणि जवळ कागद व पेन्सिल ठेवावी. ८ कोटि मैलांना १,८६,००० नीं भागून पाहावें. बुद्धिबळाचा पट मांडून घरें मोजावीं. पूल यानें पटाकडे पाहिलें होतें. घरें मात्र मोजलीं नव्हतीं.