आलेखावरचे दोन बिंदू



खुटबावहून पुण्याला जाणारी गाडी वाटेत ठिकठिकाणी थांबते. तरी अंतराला वेळेने भागले की सरासरी वेग निघतो. थांबे त्यात बुडून जातात. आलेखाचेही तसेच. दोन बिंदू घ्या, रेषा कितीने चढली ते मोजा आणि मधल्या काळाने भागा. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मला हे गणित महागाई भत्त्याच्या वाटाघाटींनी शिकवले.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, २००१ साल शंभर धरून, जानेवारी २००६ मध्ये ११९ होता. जानेवारी २००८ मध्ये १३४, जानेवारी २०१० मध्ये १७२. चार वर्षांत ५३ पॉइंट, म्हणजे वर्षाला सव्वातेरा. पण मालकाने पहिली दोनच वर्षे धरली तर साडेसात, आणि आम्ही शेवटची दोन धरली तर एकोणीस! आलेख एकच, आणि खोटे कोणीच बोलत नाही. म्हणून कोणी 'सरासरी' म्हटले की मी आधी विचारतो, "साहेब, कोठपासून कोठपर्यंत?"

एका कारखान्यात हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. त्या कराराची तीन वर्षे कामगारांनी कशी काढली, ते मी पाहिले आहे.