टेंभी नाक्यावरून सायकल काढली



आज ठाणे शहराबद्दल बोलायचं आहे. पण तिथे बघायला काय काय आहे याची यादी मी वाचणार नाही. मी ते शहर सायकलवरून फिरले, आणि त्याचा आमच्या गटाच्या धंद्याशी कसा संबंध आला, ते सांगते.

आम्ही मुरबाड तालुक्यातल्या. नाचणीचे पापड, कुरडया, हातसडीचा तांदूळ असा आमचा माल. तो ठाण्याला जायचा एका ओळखीच्या टेम्पोतून. टेम्पोवाल्याला रस्ते माहीत, दुकानं माहीत. तो म्हणेल त्या दुकानात माल उतरायचा आणि तो सांगेल तो भाव घ्यायचा. माणूस लबाड होता असं मी म्हणत नाही. पण ते दुकान कुठल्या भागात आहे, त्याच्या पलीकडे दुसरं आहे का, हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. आणि ठाण्याला काय आम्ही कमी वेळा गेलो होतो? सिव्हिल हॉस्पिटलला गेलो, कलेक्टर कचेरीत गेलो. स्टेशनवर उतरायचं, रिक्षात बसायचं, काम झालं की परत रिक्षात. रिक्षातून दिसते ती रिक्षावाल्याची पाठ.

माझी शाळेतली मैत्रीण लग्न करून ठाण्याला गेली. टेंभी नाक्याजवळ राहते. ‘चार दिवस ये गं’ म्हणून किती वर्षं मागे लागली होती. गेल्या वर्षी गेले. तिच्या मुलीची लेडीज सायकल जिन्याखाली उभी होती. मी म्हटलं, ‘हवा भरून दे, सकाळी चक्कर मारून येते.’ ती म्हणाली, ‘अगं, हे मुरबाड आहे का? आपण रिक्षानं जाऊ.’ पण मी लहानपणी तासाच्या भाड्यानं सायकल आणून, दांड्याखालून पाय घालून शिकलेली. ते अंग विसरत नाही.

पहाटे सहाला निघाले. साडीच्या निऱ्या वर खोचल्या, पदराला पिन लावली. सायकलला चेनकव्हर होतं, नाहीतर साडीवर बसूच नये. त्या वेळेला रस्त्यावर सायकली पुष्कळ असतात बरं का. पाववाला, पेपरवाला, भोंगा वाजवत इडलीवाला. बाई मात्र एकही नाही. दोघांनी वळून पाहिलं, एकानं उगाच घंटी वाजवली. मग मीही वाजवली.

टेंभी नाका हे नाव तुम्ही नवरात्रात ऐकलं असेल. तिथली देवी फार प्रसिद्ध. त्या दिवसांत सायकलच काय, पाय ठेवायला जागा नसते. एरवी पहाटे मोकळं. तिथून कोर्ट नाका जवळच, आणि थोडं पुढे कळव्याच्या दिशेला मध्यवर्ती तुरुंग. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. पोरानं विशीही गाठली नव्हती. मी पाय टेकून दोन मिनिटं उभी राहिले. याच बाजूला कामासाठी इतक्यांदा येऊनही ही भिंत मला माहीत नव्हती.

मागे वळून जांभळी नाक्यावर आले, तिथे सायकल हातात धरून चालले. भाजीचा बाजार, कोपिनेश्वराचं देऊळ, आणि लगेच समोर तलावपाळी. एका काठाला गडकरी रंगायतन. ठाण्यात असे लहानमोठे तीसहून जास्त तलाव आहेत. स्टेशनही तिथून हाकेच्या अंतरावर. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती याच ठाण्याला आली. मला मोठं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. स्टेशन, बाजार, देऊळ, हॉस्पिटल, कोर्ट, सगळं किती लागून आहे! रिक्षानं जाताना ही वेगवेगळी गावं वाटायची.

बाजार उघडल्यावर मी पुन्हा गेले. आमच्यासारख्याच पापडाचा भाव चार दुकानांत विचारला. आम्हाला हातात पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारणीची सायकल मागून मैत्रीणही आली. ‘वीस वर्षांत मी घर, बाजार आणि स्टेशन सोडून कुठे गेलेच नाही,’ असं रस्त्यात तीच म्हणाली. खोपटवरून कॅडबरी नाक्याला गेलो. तिथे वर हायवेचा पूल आणि खाली चारी बाजूंनी गाड्या. आम्ही सरळ उतरलो आणि चालत रस्ता ओलांडला. यात लाज कसली? पुढे पोखरण रस्त्यानं, हलक्या चढानं, वर्तकनगरवरून उपवन तलाव. पाठीमागे येऊरचा डोंगर पाहिला आणि मला आपल्या बाजूचीच आठवण झाली.

रस्ता विचारायचा तर झाडू मारणाऱ्या बायांना विचारावा. त्यांना गल्लीन् गल्ली ठाऊक असते, आणि त्या हसत नाहीत.

उपवनला सकाळी फिरायला खूप माणसं येतात. एक बाई टोपली घेऊन रानभाजी विकत होती. तिच्याजवळ बसलो. कुठल्या वारी गिऱ्हाईक असतं, कुठे बसायला चालतं, कुठे नाही, कोणत्या सोसायटीत बायका घरगुती माल घेतात, सगळं तिनं सांगितलं. हे टेम्पोवाल्यानं आम्हाला कधी सांगितलं नसतं. त्यालाही माहीत नसणार.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९१ पासून तिथे साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत या कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. माल विकायला जाताना बसची आणि घरातल्या पुरुषाची वाट बघणं त्यांचं कमी झालं. हे मी पूर्वी ऐकलं होतं, पण उपवनला मला ते नीट समजलं.

आता आमचा माल महिन्यातून एकदा दोघी जणी एसटीनं कल्याणला आणि तिथून लोकलनं ठाण्याला नेतो. मैत्रिणीकडे उतरवतो आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून तीन सोसायट्यांत पोचवतो. जास्त माल असला तर टेम्पो अजून लागतो. मात्र कुठे उतरवायचा ते आम्ही सांगतो, आणि भाव आधी फोनवर ठरवतो.

आणखी एक. मानव विकास योजनेतून बऱ्याच तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. मुलगी बारावी झाली की ती सायकल पडवीत गंजत पडते. तुमच्या गावात अशा किती आहेत, मोजा. आम्हाला चार सापडल्या. दोन पंक्चर काढून आणि तेल घालून चालू झाल्या, एकीला नवीन ट्यूब लागली, चौथीचं अजून बघायचं आहे. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकतो. सध्या सात जणी येतात. सगळ्यांत मोठी बाई बावन्न वर्षांची आहे, आणि तिला फक्त डावीकडे वळता येतं.