पुस्तकांच्या दुकानातील व्याख्यानपीठ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्राला व्याख्यान ऐकण्याची सवय जडली. संस्थेने व्याख्यान ठेवावे, दात्याने खर्च उचलावा, श्रोत्याने ऐकावे आणि घरी जावे, हा आपला परिपाठ. व्याख्यानपीठ आणि विक्रीचा गल्ला यांचा संबंध आपण फारसा मानीत नाही. किंबहुना तो जोडणे काहीसे कमीपणाचे समजतो. अमेरिकेच्या राजधानीत मात्र एका पुस्तकविक्रेत्याने हा संबंध उघडपणे जोडला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ निभावला. आजचा विषय ते दुकान.

वॉशिंग्टनच्या कनेक्टिकट अ‍ॅव्हेन्यूवर १९८४ साली ‘पॉलिटिक्स अँड प्रोज’ हे दुकान उघडले. कार्ला कोहेन या त्याच्या संस्थापक. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत त्या शासनाच्या गृहनिर्माण खात्यात काम करीत होत्या. सत्ता पालटली, नोकरी गेली, तेव्हा त्यांनी पुस्तकांचे दुकान काढण्याचे ठरविले. या धंद्याचा अनुभव शून्य. व्यवस्थापक हवा म्हणून त्यांनी जाहिरात दिली आणि त्यातून बार्बरा मीड भेटल्या. मीड यांना दुकानदारीचे ज्ञान होते. पुढे त्या भागीदारच झाल्या. एकीकडे उत्साह, दुसरीकडे हिशेब, अशी ही जोडी होती. १९८९ मध्ये दुकान रस्त्याच्या पलीकडच्या मोठ्या जागेत हलवायचे ठरले, तेव्हा शेजारीपाजारी आणि गिऱ्हाइके यांनीच पुस्तके उचलून रस्ता ओलांडून नेली. दुकानाविषयी अशी आपुलकी पैशाने विकत घेता येत नाही.

तेथील व्याख्यानाची रीत साधी आहे. दिवस मावळला की दुकानाच्या मागील भागात घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. भोवती पुस्तकांची कपाटे, पुढे एक लहानसे उभे मेज आणि ध्वनिक्षेपक. लेखक येतो तो बहुधा नुकत्याच निघालेल्या ललितेतर ग्रंथाचा कर्ता असतो: कोणी इतिहासकार, कोणी वार्ताहर, कोणी निवृत्त अधिकारी. वीस-पंचवीस मिनिटे तो ग्रंथाविषयी बोलतो. हार नाहीत, परिचयाचे लांबलचक प्रास्ताविक नाही, आभारांची यादी नाही. (आपल्याकडील आयोजकांनी यातील एवढे एक जरी उचलले तरी श्रोते दुवा देतील!) त्यानंतर प्रश्न. श्रोत्यांसाठी स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो. त्यामागे रांग लावायची आणि विचारायचे. प्रश्नकर्त्यांत त्या विषयात हयात घालविलेले लोकही असतात, कारण ही राजधानी आहे. एखाद्या युद्धावर ग्रंथ लिहिणाऱ्यासमोर त्या युद्धकाळात शासनात बसलेला माणूस उभा राहू शकतो. लेखकाची खरी परीक्षा येथेच होते. अखेरीस लेखक स्वाक्षऱ्या करतो.

१९९८ साली सी-स्पॅन या वाहिनीसमूहाने शनिवार-रविवार केवळ ललितेतर ग्रंथांना वाहिलेला ‘बुक टीव्ही’ हा उपक्रम सुरू केला. या दुकानातील अनेक व्याख्याने त्यावर दाखविली गेली आणि शे-दीडशे माणसांपुढे झालेले भाषण साऱ्या देशात पोहोचू लागले.

आता हिशेबाकडे वळू. लेखकाला दुकान मानधन देत नाही. नव्या ग्रंथाच्या प्रचारासाठी प्रकाशक लेखकाला गावोगावी धाडतो. प्रवासाचा भार बहुधा त्याचाच. न खपलेल्या प्रती परत घेण्याची प्रथाही तेथे रूढ आहे, त्यामुळे दुकानदाराला मोठा साठा मागविण्याचे धाडस करता येते. परंतु खुर्च्या, दिवे, कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा खर्च निघायचा तो विकल्या गेलेल्या प्रतींतूनच. बहुतेक व्याख्यानांना प्रवेश विनामूल्य असतो. श्रोता येथे ऐकून घरी गेला आणि तेच पुस्तक अ‍ॅमेझॉनवरून सवलतीत मागविले, तर ऐकविणाऱ्याच्या पदरी काय पडले? स्वस्ताई मिळविण्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या दिव्याखाली बसून तिसऱ्याला पैसे देण्यात न्याय नाही, हे ग्राहकाला कळावे लागते. कनेक्टिकट अ‍ॅव्हेन्यूच्या ग्राहकाला ते बव्हंशी कळले, म्हणून दुकान टिकले. दैवगती अशी, की छोट्या दुकानांना गिळील असे वाटणारी ‘बॉर्डर्स’ ही बलाढ्य साखळी २०११ मध्ये दिवाळखोर होऊन बंद पडली. त्याच वर्षी हे छोटे दुकान ब्रॅडली ग्रॅहॅम आणि लिसा मस्कटाइन या पत्रकारितेतून आलेल्या दांपत्याने विकत घेतले. कार्लाबाई त्यापूर्वीच, २०१० मध्ये निवर्तल्या होत्या.

हे व्याख्यानपीठ निःपक्ष आहे काय? वस्तीच डेमोक्रॅटिक पक्षाची. मस्कटाइनबाई हिलरी क्लिंटन यांची भाषणे लिहीत असत. दुकानाचा कल उदारमतवादी आहे आणि तो लपविलेला नाही. कल असणे हा दोष नव्हे. विरोधी मताचा माणूस प्रश्नांच्या रांगेत उभा राहू शकतो की नाही, हा खरा निकष आहे. २७ एप्रिल २०१९ रोजी या निकषाचीच कसोटी लागली. जोनाथन मेट्झल हे मानसोपचारतज्ज्ञ गौरवर्णीय अमेरिकनांचे राजकारण आणि आरोग्य यांवरील आपल्या ग्रंथाविषयी बोलत असताना श्वेत-वर्चस्ववाद्यांची एक टोळी आत शिरली, घोषणा देत श्रोत्यांपुढे उभी राहिली आणि काही मिनिटांनी निघून गेली. त्यांच्यासाठीही ध्वनिक्षेपक मोकळाच होता. ग्रंथात चूक असेल तर पान उघडून दाखविता आली असती, लेखकाला सर्वांदेखत निरुत्तर करता आले असते. ते करायचे तर आधी ग्रंथ वाचावा लागतो! टोळी गेल्यावर मेट्झल यांनी व्याख्यान पुढे चालू ठेवले.

२०२० च्या महामारीत खुर्च्या उचलल्या गेल्या आणि व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर गेली. दूरदूरचे श्रोते मिळाले, तरी पडद्यावर ऐकणारा माणूस कपाटाशी रेंगाळत नाही आणि शेजारचे दुसरे पुस्तक उचलीत नाही. साथ ओसरल्यावर दुकानाने पुन्हा खुर्च्या मांडल्या. त्या घडी करून कपाटाला टेकवून ठेवण्याचे काम मात्र नोकर एकटे करीत नाहीत. प्रश्नोत्तरे संपताच ती विनंती श्रोत्यांनाच केली जाते, आणि स्वाक्षरीच्या रांगेत जाण्यापूर्वी मंडळी आपापली खुर्ची उचलतात.