पेशवाईची वस्त्रे : वारसा आणि निवड
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



भट घराण्याकडे पेशवेपद १७१३ पासून १८१८ पर्यंत, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे राहिले. त्या घराण्याच्या पराक्रमाचे गुणगान आपण नेहमी ऐकतो. मी आज त्या पदाच्या वारशाविषयी चार शब्द बोलणार आहे.

भटांपूर्वी हे पद पिंगळ्यांकडे होते. मोरोपंतांमागून निळोपंत, पुढे बहिरोपंत, असा तो क्रम. कान्होजी आंग्र्यांनी बहिरोपंतांस कैद केले, तेव्हा शाहू महाराजांनी घराणे न पाहता कर्ता पुरुष पाहिला आणि बाळाजी विश्वनाथांस वस्त्रे दिली. १७२० साली बाळाजीपंत निवर्तले. पुत्र बाजीराव अवघे एकोणीस वर्षांचे. दरबारी मंडळींचा विरोध असूनही महाराजांनी त्यांस निवडले. १७४० साली रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईक बारामतीकरांसाठी खटपट केली, तरी महाराजांची पसंती नानासाहेबांसच मिळाली. दोन्ही वेळा पद पुत्राकडेच गेले हे खरे. परंतु देणाऱ्यास नकार देण्याचे सामर्थ्य होते, आणि घेणारास त्याची जाणीव होती.

१७४९ साली महाराज कैलासवासी झाले. पुढेही वस्त्रे साताऱ्याहूनच येत, पण निवड तेथे होत नसे. पानिपतानंतर सोळा वर्षांच्या माधवरावांनी खचलेले राज्य सावरले, हे महाराष्ट्राचे भाग्य. व्यवस्थेचे श्रेय नव्हे. १७७३ साली नारायणरावांचा गारद्यांकडून खून झाला, आणि पद चुलते रघुनाथरावांकडे गेले. घरातील तंटा राज्याचा तंटा झाला. बारभाईंनी १७७४ साली सवाई माधवरावांस पाळण्यातच वस्त्रे देवविली. कारभार नाना फडणिसांस पाहावा लागला. अखेर त्याच रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव गादीवर आले. १८०२ साली त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला, व १८१८ साली राज्य गेले.

सज्जनहो, रक्त तेच होते. पारख करणारा उरला नव्हता.

आपल्या संस्थांतही वडिलांची जागा मुलाकडे जाऊ लागली आहे. मुलगा लायक असेल तर त्यास आनंदाने निवडावे. परंतु सभेने त्याचे काम पाहावे, हिशेब विचारावा, आणि प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य ठेवावे. त्यातच संस्थेचे आणि त्या घराण्याचेही हित आहे.