मूत्रपिंडविकार, त्याचे उपद्रव आणि आपल्या रुग्णालयातील नोंदवही

(अनसिंग येथील वार्षिक सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेत आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून स्पष्ट शब्दांत विचारले होते, "संशोधन मुंबई-पुण्याच्या इस्पितळांनी करावे. आपण अनसिंगला डायलिसिसचे एक यंत्र आणा. रक्कम मी देतो." त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे आम्हांस मान्य आहे. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला वर्षभर विचार करून दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम हे नमूद करतो की त्यांच्या म्हणण्यामागील कळकळ खरी आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस लागते. अनसिंग परिसरातील माणूस पहाटेची एस.टी. धरून वाशीमला किंवा अकोल्याला जातो, सोबत घरातील एक माणूस जातो आणि दिवेलागणीला दोघेही थकून परततात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे उपचाराच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दोघांची बुडालेली मजुरी आणि पेरणीच्या ऐन दिवसांत ओस पडलेले शेत यांची भरपाई कोणतीही योजना करीत नाही.

म्हणून यंत्राला आमचा विरोध नाही. मात्र यंत्रासोबत काय काय यावे लागते, ते आपण जाणून घ्यावे. डायलिसिसमध्ये दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव यंत्रातून वाहतो, म्हणजे एका रुग्णाच्या एका बैठकीला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते शुद्ध करताना आणखी कितीतरी पाणी वाया जाते. चैत्र-वैशाखात आपल्या विहिरींची काय अवस्था असते हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. शिवाय प्रशिक्षित तंत्रज्ञ, अखंड वीजपुरवठा आणि मूत्रपिंडतज्ज्ञांची देखरेख हवी. हे सर्व जमले तरी ते यंत्र उपयोगी पडेल ते रोगाच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचलेल्यांना. त्यांच्या मागे जे अनेकजण त्याच वाटेने, पण अद्याप बऱ्याच अंतरावर चालत आहेत, त्यांचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

हे मागचे लोक आम्हांस दिसत नाहीत, कारण हा रोग बोलत नाही. मूत्रपिंडांची सुमारे निम्मी शक्ती गेल्यानंतरच रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाऊ लागते. एका शेतकरी बांधवाने आम्हांस विचारले होते, "लघवी तं साफ होते डाक्टरसाहेब, मंग किडनी कायची खराब?" प्रश्न अगदी रास्त होता. लघवी भरपूर होणे आणि लघवीवाटे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चालू असतानाच दुसरी बंद पडत जाते.

दुसरीही एक फसगत आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते. आपल्याकडील काटक, सडपातळ शेतमजुराचे स्नायूच कमी, त्यामुळे त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते आणि अहवालात 'सामान्य' छापून येते. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांची शक्ती काढण्याची प्रचलित सूत्रे परदेशांतील लोकांवर बसवलेली आहेत. चंदीगडच्या पी.जी.आय. संस्थेतील संशोधकांनी ती भारतीयांवर पडताळून पाहिली, तेव्हा सूत्रे आपल्या लोकांची मूत्रपिंडे आहेत त्याहून अधिक चांगली दाखवितात, असे आढळले. संशोधन मोठ्या शहरांचे काम आहे असे आपण म्हणतो. पण मोठ्या शहराच्या मापाने मोजल्यामुळे खेड्यातील रुग्ण निरोगी ठरतो, याला काय म्हणावे?

त्यामानाने लघवीतील प्रथिन अधिक लवकर इशारा देते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज आलेल्या रुग्णांची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांत लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविण्याची रीत होती. प्रथिन असेल तर ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे साकळते. जवळजवळ दोनशे वर्षे झाली. आज चमच्याऐवजी कागदी पट्टी आली आहे, एवढेच. ही तपासणी स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही आणि ती आमच्या बाह्यरुग्ण विभागात पूर्वीपासून उपलब्ध आहे.

आणि येथेच आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. या वर्षी आम्ही मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांचे जुने केसपेपर काढून वाचले. साखर नोंदलेली, रक्तदाब नोंदलेला, गोळ्या लिहिलेल्या. परंतु लघवीतील प्रथिनाचा रकाना बहुसंख्य कागदांवर कोरा होता. तपासणीची सोय असूनही आम्ही ती केली नव्हती. काही केसपेपरांवर तर मधुमेहाच्या गोळ्यांखालीच गुडघेदुखीची वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने लिहिलेली सापडली. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय करतात हे आम्ही इतरांना सांगत होतो. अक्षर आमचेच होते. या कागदांपैकी एका रुग्णाला पुढे डायलिसिस लागले आणि ते आता हयात नाहीत. प्रथिनाची तपासणी वेळेवर झाली असती तर ते वाचलेच असते असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु त्यांना संधी मिळाली असती, आणि ती आमच्याकडून हुकली.

ही संधी म्हणजे काय, ते वैद्यकीय संशोधनानेच दाखविले आहे. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाचा ४०९ मधुमेही रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका त्या औषधाने जवळजवळ निम्म्याने घटविला. २००१ मध्ये लोसार्टन या औषधाने प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही मूत्रपिंडांचे रक्षण होते हे सिद्ध झाले. त्यानंतर बराच काळ नवे फारसे हाती लागले नाही. मग २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनचा ४४०१ रुग्णांवरील आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचा ४३०४ रुग्णांवरील अभ्यास आला. लाभ इतका स्पष्ट होता की दोन्ही अभ्यास नियोजित मुदतीपूर्वीच थांबविण्यात आले. दुसऱ्या अभ्यासात मधुमेह नसलेले रुग्णही होते आणि त्यांनाही लाभ झाला. या दोन्ही अभ्यासांत भारतीय रुग्ण सहभागी होते. डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत भारतात २०२० मध्ये संपल्याने ते आज अनेक कंपन्या बनवितात व त्याची किंमत उतरली आहे. अर्थात ही औषधे प्रत्येकाला चालतात असे नाही, आणि ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

संशोधन केवळ नवे औषध देते असे नव्हे, ते आपला हातही आवरते. मूत्रपिंडविकारात रक्त कमी होते, कारण रक्तपेशी वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य मूत्रपिंडांतच तयार होते. त्याची इंजेक्शने उपलब्ध झाल्यावर हिमोग्लोबिन जितके वाढेल तितके चांगले, असे डॉक्टरांनाही वाटू लागले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०३८ मधुमेही रुग्णांच्या अभ्यासाने तो समज मोडला. हिमोग्लोबिन अधिक चढविलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. तसेच डायलिसिस लवकर सुरू करावे की लक्षणे दिसेपर्यंत थांबावे, याचा अभ्यास ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झाला. २०१० च्या त्या निष्कर्षांनुसार थांबलेल्या गटाला डायलिसिस सुमारे साडेपाच महिने उशिरा लागले आणि मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. अनसिंगच्या कुटुंबाच्या दृष्टीने साडेपाच महिने म्हणजे एक संपूर्ण खरीप हंगाम होय.

उपद्रवांविषयी नातेवाइकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात, म्हणून रक्तदाबाची गोळी चुकविणे हे मूत्रपिंडाइतकेच हृदयालाही घातक आहे. हाडे ठिसूळ होतात. आणि रक्तातील पोटॅशियम वाढते, जे एकाएकी हृदय बंद पाडू शकते. आजाऱ्याला भेटावयास येताना शहाळे आणण्याची आपली रीत आहे. प्रेमाने आणलेल्या त्या शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. वाढलेल्या मूत्रपिंडविकारात डॉक्टरांना विचारल्याविना ते पाजू नये, ही विनंती.

आता आपल्या मुलखाविषयी. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आपणांस ठाऊक आहे. तेथील मूत्रपिंडविकारांची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. अनसिंग त्या पट्ट्यात येत नाही, तरी आमच्याकडेही असे रुग्ण येतात की ज्यांना मधुमेह नाही, पूर्वीपासून रक्तदाब नाही, आणि तरीही मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, मध्य अमेरिकेतील उसाचे मळे, सर्वत्र हेच कोडे आहे, आणि रुग्णांत शेतात राबणारे अधिक आहेत. पाणी, जड धातू, कीटकनाशके, उन्हातील श्रम यांपैकी नेमके काय दोषी, यावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. तथापि निकाराग्वातील ऊसतोडणी कामगारांना ठरलेल्या वेळी सावली, विश्रांती व पाणी दिल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे आढळले आहे. आपल्या भागात सर्पदंशाचीही भर आहे; घोणस चावून वाचलेल्या काहींची मूत्रपिंडे पुढे कायमची दुबळी राहतात.

असे संशोधन लहान गावातून होते काय? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण पुरेसे आहे. ग्रामीण भागात रुग्णसेवा करता करता, विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या; प्राझोसिन या साध्या गोळीने त्या दंशातील मृत्यू टाळता येतात हे त्यांतून पुढे आले आणि जगभर मान्य झाले. २०१० मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील एका लहान खेड्यातील मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पिण्याच्या पाण्यातील जड धातू यांविषयीही निबंध प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संशोधनाचे मुख्य साधन वही हेच होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आम्हीही वहीच मागत आहोत. मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश यांच्या प्रत्येक रुग्णाची लघवी व क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासावे. दोष आढळल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, कारण एका तपासणीवर कोणाच्या कपाळी हा शिक्का मारणे योग्य नव्हे. व्यवसाय, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, फवारणीचे काम, वेदनाशामक गोळ्या यांची नोंद ठेवावी आणि हे रुग्ण वर्षानुवर्षे पाहत राहावे. यासाठी लागेल तो पट्ट्यांचा व रक्ततपासणीचा खर्च आणि गावोगाव पाठपुरावा करणाऱ्या एका कार्यकर्त्याचे मानधन.

'आमच्या माणसावर प्रयोग होणार काय?' अशी शंका काही नातेवाइकांनी खासगीत विचारली. ती उघडपणे विचारावी, त्यात संकोच नसावा. या नोंदवहीत कोणतेही नवे औषध दिले जाणार नाही. नैतिक समितीच्या मान्यतेनंतरच काम सुरू होईल, मराठीतील संमतिपत्र वाचून दाखविले जाईल, आणि नाही म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही.

आमच्या ज्येष्ठ देणगीदारांस विनंती की त्यांनी यंत्राचा संकल्प सोडू नये. पाणी आणि तंत्रज्ञ यांची व्यवस्था झाल्यावर आम्ही स्वतः त्यांच्या दारी येऊ. या वर्षी मात्र त्यातील काही भाग वहीसाठी द्यावा.

नातेवाइकांना एक सांगावयाचे आहे. आपल्या घरातील जे माणूस या आजाराने गेले, त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, औषधांची रिकामी पाकिटे अनेक घरांत पिशवीत बांधून फडताळात ठेवलेली असतात. ती फेकू नयेत. बाह्यरुग्ण विभागात आणून द्यावीत. नोंद करून घेऊन ती पिशवी आम्ही आपणांस जशीच्या तशी परत करू.