लेखनाची भिशी



स्त्रियांचे लेखनमंडळ कशाने वाढते, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. प्रतिभा असलेल्या चार बायका एकत्र आल्या की मंडळ उभे राहते, असा आपला समज असतो. मला तो खरा वाटत नाही. लिहिणाऱ्या पुष्कळ असतात. ऐकून घेणारे नसते.

उदाहरण जवळचेच घेऊ. मिरजेहून पुण्याच्या वाटेवर किर्लोस्करवाडी लागते. तेथल्या कारखान्याचे 'खबर' हे पत्र १९२० मध्ये निघाले आणि पुढे त्याचे मासिक झाले. १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथूनच 'स्त्री' हे मासिक सुरू केले. या मासिकाने गावोगावच्या बाईला काय दिले? एक पत्ता दिला. लिहिलेला कागद कोठे धाडावा, हे तिला कळले. तिकडे तो कोणीतरी वाचणार आहे, एवढ्या भरवशावर ती लिहू लागली.

भीती मात्र होतीच. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिकेने 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घेतले होते. पुस्तकावर मोठे वादळ उठले आणि ही बाई कोण, याची चौकशी सुरू झाली. त्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर उघड झाले. चांगल्या शिकलेल्या बाईला नाव लपवावे लागले, तेथे इतरांची काय कथा?

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत आणि वेळ मिळेल तेव्हा लिहीत. लिहिलेल्या वह्या त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवल्या. फलटणलाच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आस्थेने चौकशी केली, तेव्हा त्या वह्या बाहेर आल्या. 'जिणं आमुचं' प्रथम 'स्त्री' मासिकातच क्रमशः आले आणि १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. विचारणारे एक माणूस भेटले नसते, तर एवढा ठेवा कोठे गेला असता?

बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ती महाराष्ट्राच्या हाती आली. ज्यांचे कोणी टिपले नाही, अशा बायका किती होऊन गेल्या, त्यांची मोजदाद कोण करणार?

आता आपल्या गावाकडे येऊ. जयसिंगपुरात मंडळ काढायचे, तर घटना, पदाधिकारी आणि उद्घाटन यांपासून सुरुवात करू नये. आपल्या भगिनींना भिशी चालविता येते. तीच रीत येथे लावावी. भिशीत दर महिन्याला एकीची पाळी येते आणि सगळ्यांची रक्कम तिच्या हाती पडते. येथे पैशाऐवजी सगळ्यांचे कान एकीला द्यावेत. जिची पाळी, तिने वाचावे. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, शेजारणीने उतरून घ्यावे. वाचन संपेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. आणि त्या खोलीत ऐकलेले, लिहिणारीच्या संमतीवाचून उंबऱ्याबाहेर नेऊ नये. हा शेवटचा नियम मोडला, तर बाकीचे सगळे व्यर्थ आहेत. कारण एकीची गोष्ट गावात फिरली, की पुढच्या महिन्यात कोणीच वही आणणार नाही.

पुरुष श्रोत्यांना माझी एकच विनंती आहे. त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुले आपण सांभाळावीत. व्यासपीठावरून केलेल्या गौरवापेक्षा मंडळाला त्याचा उपयोग अधिक होईल.

शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने हे गाव वसविले. १९१७ मध्ये त्यांनीच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. अक्षर दारापर्यंत आणण्याचे काम त्यांनी केले. त्या अक्षरांनी बायका काय लिहितात, ते बसून ऐकण्याचे काम आपले आहे. पहिली पाळी कोणाची, एवढे आज घरी जाण्यापूर्वी ठरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.