पूर्ण नाव सांगून घर मिळेल का?

(रायपूरमधील एका बुद्धविहारात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या इंग्लंडमध्ये परिचारिका आहेत.)

समोर सतनामी बांधव आहेत, आदिवासी बहिणी आहेत, त्यांना जय सतनाम, जय सेवा. मी मराठीत बोलते आहे, मध्ये हिंदी आली तर सांभाळून घ्या. रायपूरच्या मराठीत ती येतेच.

मला विषय दिला होता 'परदेशातील अनुभव'. पण आल्यापासून पंधरा दिवस मला अनुभव कोणी विचारलेले नाहीत. स्टेशनवर उतरले तेव्हापासून एकच प्रश्न चालू आहे. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, विहारात झाडू मारताना भेटलेल्या बाबांनीही विचारलं, "बाई, आता परत येणार की तिकडचीच झाली?" म्हणून आज त्यावरच बोलते.

माझे वडील वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते. १९६२ साली तुमसरकडून रेल्वेने इकडे आले. आमचं बालपण डब्ल्यूआरएस कॉलनीत गेलं. मी २००९ मध्ये इंग्लंडला गेले, म्हणजे सोळा वर्षं झाली. नवरा नागपूरचा, मुलगी बारा वर्षांची, जन्म तिकडचा. वडील गेले. आई इथे एकटी आहे, तिचा गुडघा गेलाय, आणि ती तिकडे यायला तयार नाही. म्हणते, "तुह्या देशात मी कोणासंग बोलू?" बरोबर आहे तिचं.

आपल्या समाजात परत येण्याचा प्रश्न साधा राहत नाही. दुसऱ्या घरातला मुलगा अमेरिकेत राहिला तर म्हणतात, पोरगा सेटल झाला. आपल्यातला राहिला तर म्हणतात, समाजाला विसरला. पे बॅक टू सोसायटी. आग्र्याच्या १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आमच्या तोंडावर फेकली जाते. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: बाबासाहेब परत आले ना? मग तुम्हाला काय होतं?

हो, परत आले. पण कसे आले, हे आपण फार घाईने सांगतो. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि चळवळ सुरू केली, असं. मी पण शाळेत तसंच भाषण पाठ केलं होतं. मधलं सगळं गाळून.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्याआधी करारावर सही करून. शिक्षण झालं की दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. कोलंबिया झालं, मग लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. म्हणजे पहिल्यांदा परत आले तेव्हा 'यावं की राहावं' असा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. खिशात करार होता.

पुढचं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा, छोटं आहे, एका संध्याकाळी होतं. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला तो राहायचं कुठे हा. नोकरी होती, पदव्या होत्या, महाराजांचा आशीर्वाद होता. खोली नव्हती. हिंदू हॉटेल घेणार नाही हे माहीत होतं. ते लिहितात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही गोष्ट त्यांच्या मनातून पुसून गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर ती परत आली.

शेवटी एका पारशी सराईत गेले. तिथल्या माणसाला कळलं की हे पारशी नाहीत. पण त्यालाही पैसे हवे होते, भाडेकरू कोणी नव्हता. तोड निघाली ती अशी, की वहीत पारशी नाव लिहायचं. रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर, अडगळीच्या सामानाशेजारी, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस खोट्या नावाने राहू लागला. अकरा दिवस. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे. संध्याकाळपर्यंत खोली सोड. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली, सरकारी बंगल्यासाठी अर्ज केलेला होता. मिळाली नाही. एक हिंदू मित्र होता, तो म्हणाला तुम्ही माझ्याकडे आलात तर नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता, त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. ते दोघे मुळात ब्राह्मण. कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

इथे थांबा जरा. हे 'परत येणं' अकरा दिवस टिकलं. आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं आपल्यापैकी एकही माणूस म्हणणार नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० मध्ये परत लंडन गाठलं. १९२३ ला दुसऱ्यांदा आले ते बडोद्याला नाही, मुंबईला आले. परळच्या चाळींत आपली माणसं होती तिथे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. दुसऱ्या येण्याच्या वेळी जागा त्यांनी निवडली होती. मला वाटतं, आम्हाला जेव्हा बाबासाहेबांचं उदाहरण देता तेव्हा बडोदाही द्या. नुसतं लंडन ते चवदार तळं अशी सरळ गाडी लावू नका.

आता माझं. या पंधरा दिवसांत मी घर बघत होते. आईच्या कॉलनीतलं घर तिला जिने चढायचं म्हणून नको. तळमजल्याच्या दोन खोल्या, दवाखाना जवळ, एवढंच. एके ठिकाणी घरमालकीण बाई खूप छान बोलल्या. चहा दिला. मी मराठी बोलते म्हटल्यावर म्हणाल्या, "अच्छा, महाराष्ट्रियन! हमारे तात्यापारा में बहुत हैं, बड़े शुद्ध लोग।" रायपुरात हे तुम्हाला माहीत आहे. भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी म्हणजे ब्राह्मण, असं डोक्यात बसलंय. रेल्वेने, मिलने, भिलाईने आणलेली आपली माणसं त्या 'महाराष्ट्रियन' मध्ये कोणी धरत नाही. मग बाईंनी विचारलं, "पूरा नाम?" मी सांगितलं. चहाचा कप उचलला गेला नाही, पण खोली 'भतीजे के लिए' राखीव निघाली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर भतीजाच येणार म्हणाल्या.

मला राग त्या बाईंचा आला नाही तेवढा माझा आला. कारण नाव सांगण्याआधी अर्धा सेकंद मी थांबले होते. सोळा वर्षांत ती सवय गेली असं मला वाटत होतं.

तिकडे ते नाही का? आहे. ते पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल इंग्लंड म्हणजे तुषित स्वर्ग. तिकडच्या गोऱ्या घरमालकाने मला आडनावावरून काही विचारलं नाही. रंगावरून विचारलं असेल, बोलला नाही. पण वॉर्डात नवीन भारतीय डॉक्टर आला की दुसऱ्या वाक्यात, "आप लोग कहाँ के?" आणि तिसऱ्यात, "नहीं, वैसे कहाँ के?" एका मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाला गेले होते. भांडी घासायच्या वेळी आवाज दिला, पूजेच्या ताटाजवळ नाही. मी त्यानंतर गेले नाही. तिकडे मी ज्यांच्यात गेले ते वॉल्व्हरहॅम्प्टनचे पंजाबी आंबेडकरी लोक. त्यांच्या बापांनी, आजांनी कारखान्यांत राबून बुद्धविहार उभं केलं. मराठीचा शब्द येत नाही त्यांना, पण माझी मुलगी त्रिशरण तिथे शिकली.

कायद्याचं म्हणाल तर तिकडे २०१० च्या समता कायद्यात जातीसाठी जागा ठेवली होती, २०१३ मध्ये संसदेने ती घालायलाच हवी असं केलं, आणि २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की घालणार नाही. न्यायालयं बघतील म्हणाले. आणि न्यायालयात कोण गेली होती? परमिला तिर्की. सरगुजा-जशपूरच्या बहिणी इथे बसल्यात, त्यांनी आडनाव ऐकून मान वर केली. बिहारमधून घरकामाला नेलेली बाई, साडेचार वर्षं राबवली, जमिनीवरच्या गादीवर झोपवली, तासाला अकरा पेन्स पडतील एवढी मजुरी. २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने म्हटलं की जात ही वांशिक मूळ या शब्दांत बसू शकते, आणि २०१५ मध्ये तिला एक लाख त्र्याऐंशी हजार पौंडांवर थकलेली मजुरी देण्याचा आदेश झाला. म्हणजे जात विमानात बसून तिकडे गेली आहे. पण ती तिकडे आपल्याच लोकांच्या घरात, देवळात, मंडळात राहते. खोली भाड्याने घेताना ती दाराशी उभी नसते. हा फरक मोठा आहे आणि मी तो लपवणार नाही.

तर मग मी यावं का? आणि यावं तर कुठे?

माझं 'घर' कायद्याने कुठे आहे ते बघा. वडील १९६२ ला आले. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी तारीख विचारतात १० ऑगस्ट १९५०. त्याआधी घराणं इथे असल्याचा कागद आणा. महार जात छत्तीसगडच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्याही यादीत आहे. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पुन्हा सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात गेली की तिथलं आरक्षण मागू शकत नाही. माझा भाऊ भंडाऱ्याहून दाखला घेऊन आला, रायपुरात तो बाहेरचा. भंडाऱ्यात गेला तर म्हणतात तुम्ही तर रायपूरचे. गंमत अशी की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. इथून दीक्षाभूमीला गेलेल्या आपल्या आज्यांनी राज्याची सीमा ओलांडली नव्हती. सीमा आली १ नोव्हेंबरला, अठराव्या दिवशी. आमच्या मुलांना कोणी जात विसरू देत नाही, फक्त दाखला देताना ती सापडत नाही.

आणि तिकडचा कागद असा, की मला कायम राहण्याचा हक्क मिळाला आहे, नागरिकत्व मी घेतलेलं नाही. दरवर्षी मैत्रिणी म्हणतात, फॉर्म भर, काय थांबलीस. भरला की भारताचा पासपोर्ट परत करायचा, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळेल, येजा करता येईल, मत देता येणार नाही. माझ्या आजीला नाव लिहिता येत नव्हतं, पण मतदानाच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत असायची. त्या फॉर्मवर सही करताना मला ती रांग दिसते. भावनेचं आहे म्हणा. आहेच.

पण नागरिकत्व न घेता तिकडचा हक्क ठेवायचा तर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. राहिले की तो जातो. हे मला आधी संकट वाटत होतं. आता त्यातूनच वाट दिसली.

मी येते आहे. अठरा महिन्यांसाठी. बॅगा घेऊन 'मातृभूमीच्या सेवेला' वगैरे नाही. आईसाठी येते आहे, आणि बघायला येते आहे. इथल्या एका खाजगी दवाखान्याने मला महिना बावीस हजार सांगितले. ते मी घेणार नाही. नर्सिंग झालेल्या आपल्या मुलींना बाहेर जायची इंग्रजीची परीक्षा असते, ओईटी, तिची तयारी करून घेणार आहे. हसू नका, मला माहीत आहे कसं दिसतं ते. परत येऊन दुसऱ्यांना बाहेर पाठवणार. हो, पाठवणार. ज्यांना जायचं त्यांनी जावं. त्यांना कोणी समाजद्रोही म्हटलं तर मला बोलवा.

मुलीला सगळं सांगितलं आहे. लंडनला किंग हेन्रीज रोडचं ते घर तिला दाखवलं होतं, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये भाड्याने राहत होते आणि जे महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. ती तिथे मला म्हणाली, "ते इथेच का नाही राहिले?" मी लगेच उत्तर दिलं नाही. रायपुरात तिचं शाळेत काय होईल याची मला भीती आहे. ती पहिल्यांदा जात ऐकेल ती माझ्याकडून ऐकलेली असावी, म्हणून बडोद्याची गोष्ट तिला आधीच सांगून ठेवली आहे. अकरा दिवसांची, खोट्या नावासकट. तिने विचारलं, आपण खरं नाव सांगायचं ना? मी हो म्हटलं आहे. अठरा महिन्यांत ती परत जायचं म्हणाली तर आम्ही परत जाऊ, आणि त्या दिवशी कृपा करून माझ्या आईला कोणी टोमणा मारू नका.

आता एक काम सांगते आणि बसते. तळमजल्याच्या दोन खोल्या हव्यात, मेकाहाराच्या आसपास, संडास घरात असलेला, पाण्याची सोय असलेला. वस्तीत असेल तर वस्तीत चालेल, पण नुसती वस्तीतच मिळते म्हणून नको. तुमच्यापैकी कोणी बघायला सोबत येणार असेल तर उद्या सकाळी दहाला मी विहाराच्या दाराशी उभी राहते. नाव मीच सांगेन, पूर्ण. जय भीम.